कॅमेऱ्याची पेटी आणि तिचे घड्याळ

हल्ली गावोगावी कॅमेरे आले आहेत. चावडीवर कॅमेरा, देवळात कॅमेरा, डेअरीत कॅमेरा. कॅमेरा चित्र टिपतो. ते चित्र एका पेटीत साठते. या पेटीला रेकॉर्डर म्हणतात. कॅमेऱ्यापासून पेटीपर्यंत चित्र आणायला तार नसेल, तर तो बिनतारी कॅमेरा. त्याचे चित्र लहरींवरून येते. आपल्या रेडिओचा आवाजही लहरींवरूनच येतो.

आमच्या गावच्या डेअरीत अशी पेटी आहे. एकदा थंडीच्या दिवसांत तेथून रात्री दोन रिकामे कॅन चोरीला गेले. सकाळी मंडळी पेटीपुढे जमली. मागच्या दाराच्या कॅमेऱ्याचे चित्रच आले नव्हते. पुढच्या दाराच्या चित्रात एक तरुण दिसला. हातात कॅन, बाहेर काळोख, आणि कोपऱ्यात वेळ रात्रीची साडेबाराची. मग काय! जो तो म्हणू लागला, हाच चोर.

आम्ही म्हटले, "थांबा. पुढचे चित्र लावा." लावले. पाहतो तर काय, रात्री एक वाजता निम्मे गाव दूध घालायला रांगेत उभे!

आम्ही मनगटावरचे घड्याळ पाहिले. सकाळचे ९ वाजले होते. पेटी दाखवत होती पहाटेचे साडेतीन. पेटी साडेपाच तास मागे होती. तो तरुण सकाळी ६ वाजता दूध घालून रिकामा कॅन घरी नेत होता. त्याच्या पावतीवरही ६ चीच वेळ होती.

असे का झाले? इंग्लंडातील ग्रीनिच गावच्या वेळेपेक्षा आपली वेळ साडेपाच तास पुढे आहे. पेटीत भारताची वेळ निवडायची राहून गेली होती.

खरा चोर सापडला नाही. पण निरपराध माणूस वाचला. तेव्हापासून आम्ही दर सोमवारी पाच गोष्टी पाहतो. तुम्हीही पाहा.

१. वीज. चित्र बिनतारी येते, पण बहुतेक कॅमेऱ्यांना वीज तारेनेच लागते. पिन सैल आहे का? दिवा लागतो का? एकदा बंद करून, मिनिटभराने पुन्हा चालू करा. ओल्या हाताने मात्र शिवू नका.

२. लहर. जाड भिंतीतून लहर क्षीण होते. लोखंडी पत्रा तर तिला अडवतोच. कॅमेरा पेटीजवळ आणून पाहा. तेथे चित्र आले, तर कॅमेरा चांगला आहे. अडथळा वाटेत आहे. आमच्या मागच्या दारी नवा पत्रा ठोकला होता. कॅमेरा दोन हात बाजूला सरकवला, चित्र आले.

३. काच. कोळ्याचे जाळे व धूळ मऊ फडक्याने पुसा.

४. जागा. चित्रे पेटीतील डिस्कवर साठतात. एक कॅमेरा दिवसाला सुमारे २० जीबी जागा घेतो असे धरा. चार कॅमेऱ्यांना ८० जीबी लागेल. डिस्क १,००० जीबीची असेल, तर ती बारा दिवसांत भरेल. मग पेटी जुने चित्र पुसून त्यावर नवे लिहिते. म्हणून चोरी झाली की त्याच दिवशी चित्र उतरवून घ्या. 'फॉरमॅट' हे बटण कधी दाबू नका. सगळे पुसले जाईल.

५. घड्याळ. तारीख व वेळ आपल्या घड्याळाशी ताडून पाहा.

एवढे करूनही चित्र आले नाही, तर जाणत्या कारागिराला बोलवा. पण तहान लागल्यावर विहीर खणू नये. चोरी होण्याआधीच पेटी पाहावी. आणि कोणाकडे बोट दाखवण्याआधी तिचे घड्याळ पाहावे.