मानमोडीचा विषाणू

१९१८ च्या जून महिन्याच्या दहाव्या तारखेस मुंबईत सात पोलीस शिपाई, त्यांतला एक गोदीवर पहाऱ्यास असलेला, तापाने फणफणून इस्पितळात दाखल झाले, तेव्हा हिवतापाचा नसलेला एक ताप यापलीकडे त्या दुखण्याविषयी कोणास काही सांगता येत नव्हते. परंतु महायुद्धाच्या दळणवळणाबरोबर बंदरात उतरलेला तो ज्वर पाहता पाहता गिरण्यांत, चाळींत आणि कचेऱ्यांत शिरला व आगगाडीच्या मार्गाने देशभर पोहोचला. ती लाट सौम्य होती. सप्टेंबरात उसळलेली दुसरी मात्र इतकी भीषण निघाली की, ६ ऑक्टोबर रोजी एकट्या मुंबई शहरात ७६८ मृत्यूंची नोंद झाली. इन्फ्लुएन्झाच्या या साथीला लोक मानमोडी म्हणत.

तत्कालीन वैद्यक या रोगाचे मूळ भलतीकडेच शोधीत होते. रिचर्ड फायफर यांनी १८९२ साली रुग्णांच्या कफात पाहिलेला जीवाणू हेच त्याचे कारण, असा बहुतेकांचा समज होता. खरा कारक, म्हणजे जीवाणूंना अडविणाऱ्या गाळणीतूनही पार होणारा विषाणू, १९३३ साली लंडनमध्ये स्मिथ, अँड्र्यूज आणि लेडलॉ या त्रयीने फेरेट नावाच्या लहानशा प्राण्याच्या साहाय्याने हाती लावला. मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाएवढ्या या कणाजवळ स्वतःची अशी जीवनक्रिया नाही. श्वासमार्गातील पेशीला चिकटण्यासाठी एक प्रथिन, निपजलेली संतती पेशीपासून सोडविण्यासाठी दुसरे, आणि आत आनुवंशिक द्रव्याचे आठ सुटे तुकडे, एवढीच त्याची मुख्य सामग्री. परंतु हे तुकडे सुटे आहेत यातच सारा अनर्थ साठलेला आहे, कारण माणसाचा आणि पशुपक्ष्यांचा असे दोन विषाणू एकाच पेशीत शिरले, तर त्यांच्या तुकड्यांची अदलाबदल होऊन असे बाह्यरूप निपजू शकते की ज्याची ओळख पृथ्वीवरील बहुतेक कोणाच्याच शरीराला नसते.

तथापि केवळ विषाणू जाणल्याने मानमोडी कळत नाही, असे माझे निश्चित मत आहे. त्या वर्षी पावसाने दगा दिला होता, धान्य महागले होते. आणि मुंबईच्या मृत्युनोंदीत युरोपियनांचे प्रमाण दर हजारी सुमारे ८ असताना, सरकारी वर्गवारीने ‘खालच्या’ ठरविलेल्या जातींच्या हिंदूंत ते ६१ वर गेले होते. विषाणू तोच होता. खोलीतील गर्दी, पोटातील अन्न आणि उशाशी पाणी देणारे माणूस यांत अंतर होते. बहुतेकांचा अंत मागाहून फुप्फुसांत शिरलेल्या जीवाणूंच्या न्यूमोनियाने झाला, आणि त्यांत ऐन उमेदीतले, विशीचाळिशीतले स्त्रीपुरुष फार होते. हिंदुस्थानातील बळींचा अंदाज एक कोटी वीस लाखांपासून एक कोटी ऐंशी लाखांपर्यंत केला जातो. १९११ ते १९२१ हे खानेसुमारीच्या इतिहासात लोकसंख्या घटलेले एकमेव दशक होय.

अलास्काच्या गोठलेल्या भूमीत पुरलेल्या एका स्त्रीच्या फुप्फुसातून आणि लष्करी वैद्यकीय संग्रहात जपलेल्या नमुन्यांतून या विषाणूची संपूर्ण आनुवंशिक रचना २००५ साली उलगडली. त्याचा वंश खुंटलेला नाही. २००९ साली ज्या स्वाइन फ्लूने भारतातील पहिला बळी पुण्यात घेतला, त्याच्या काही जनुकांचे मूळ १९१८ पर्यंत जाते, आणि त्या साथीत साठीपलीकडच्या अनेकांना तरुणांहून कमी बाधा झाली, याचे कारण त्यांच्या बालपणी याच कुळातील विषाणू हिंडत होते व त्या विषाणूंविरुद्धची प्रतिपिंडे अद्याप त्यांच्या रक्तात होती.