पिवळ्या लेबलाची शेड

तळेगाव एमआयडीसीच्या पट्ट्यात पोलादी पत्र्याच्या गुंडाळ्या धुऊन, त्यांवर फॉस्फेटचा थर चढवून, रंगवून देणारा एक कारखाना आहे. नाव छापायचं नाही, या अटीवर त्यांनी मला आत फिरू दिलं. मला पाहायची होती ती मागची बाजू. पेंट शॉपला वळसा घालून, सांडपाण्याच्या टाक्या ओलांडून गेलं की कंपाउंडच्या भिंतीला लागून एक पत्र्याची शेड आहे. रंगवलेला पत्रा समोरच्या गेटनं ट्रेलरवर चढतो. तो तयार करताना जे मागे उरतं, ते इथं येतं.

सुरुवात टाक्यांपासून होते. पत्र्यावरचं तेल काढणारं अल्कलीचं पाणी, जस्त आणि निकेल असलेलं फॉस्फेटचं पाणी, मधल्या धुण्यांचं पाणी, सगळं इथं जमतं. सांडपाणी शुद्ध करणाऱ्या या भागाला कारखान्यात नुसतं ‘ईटीपी’ म्हणतात. पाण्यात चुना सोडला की सामू चढतो आणि विरघळलेले धातू गाळ होऊन पाण्याबाहेर पडतात. मग ‘पॉली’, म्हणजे पॉलिइलेक्ट्रोलाइट, टाकतात. बारीक कण एकमेकांना धरतात, जड होतात, तळाला बसतात. हा गाळ फिल्टर प्रेसमध्ये जातो. उभ्या पाट्यांची लांब रांग, दर दोन पाट्यांमध्ये कापड, आणि मागून पंपाचा दाब. पाणी कापडातून निथळतं, आत घट्ट केक उरतो. पाट्या एकेक करून सरकवल्या की तो करडा-हिरवट केक धप्पकन खालच्या ट्रॉलीत पडतो.

सगळा पडत नाही. कडांना चिकटलेला भाग ऑपरेटर प्लॅस्टिकच्या उलथन्यानं खरवडतो. लोखंडी उलथनं चालत नाही, कारण त्यानं कापड फाटतं आणि पुढच्या खेपेला गाळ पुन्हा पाण्यात उतरतो. हे ऑपरेटर आंदर मावळातले, घरी भातशेती. हातमोजे कोपरापर्यंत, पायात गमबूट. त्यांनी केकचा एक तुकडा मोडून दाखवला. बाहेरून कोरडा, आत ओलसर. ‘‘उन्हाळ्यात दोन दिवसांत भुगा होतो,’’ ते म्हणाले. ‘‘पावसाळ्यात हवेतलंच पाणी ओढतो. वाळतच नाही बघा.’’

मावळात ही अडचण लहान नाही. लोणावळ्याला वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. तळेगावपर्यंत येता येता तो बराच कमी होतो, पण चार महिने हवा ओलीच. घातक कचरा पुरायला न्यायचा, तर तो ओला चालत नाही. त्याची तपासणी अगदी साधी आहे. बारीक जाळीच्या कागदी गाळणीत शंभर ग्रॅम गाळ घालायचा आणि पाच मिनिटं थांबायचं. खाली एक थेंब पडला तरी माल नापास. ईटीपीच्या प्रयोगशाळेत ही चाचणी मी पाहिली. चौथं मिनिट सरत आलं तेव्हा गाळणीच्या टोकाशी पाणी चमकू लागलं, फुगलं आणि पडलं. कोणी काही बोललं नाही. तो गाळ ज्या बॅगेतला होता, ती परत वाळवणीच्या छपराखाली गेली.

वाळवायलाही मुदत आहे. २०१६ च्या घातक कचरा नियमांनुसार कारखान्याला असा कचरा ९० दिवसांपेक्षा जास्त आपल्या आवारात ठेवता येत नाही. म्हणजे आषाढात निघालेला गाळ आश्विनाच्या उन्हाची वाट पाहत बसू शकत नाही. पावसाळ्याआधी शेड रिकामी करणं हे इथलं वर्षातलं सगळ्यात घाईचं काम आहे, आणि ते मे महिन्यातच उरकतात.

शेडचं कुलूप कारखान्याच्या पर्यावरण विभागाच्या मॅडमनी उघडलं. फरशीवर इपॉक्सीचा गुळगुळीत लेप आहे. फरशीचा उतार मधल्या गटारीकडे, आणि ती गटार बाहेर न जाता एका बंद खड्ड्यात संपते. चारही बाजूंनी वीतभर उंचीचा कठडा. मॅडम म्हणाल्या, या शेडमध्ये महत्त्वाचं काही असेल तर हा कठडा. कारण भिंतीपलीकडे ओढा आहे, आणि इथले ओढे इंद्रायणीला मिळतात. ही नदी लोणावळ्याजवळ कुरवंड्याला उगम पावते, कामशेतवरून तळेगावच्या अंगानं देहूला आणि आळंदीला जाते. आळंदीत नदीवर तरंगणाऱ्या पांढऱ्या फेसाचे फोटो सगळ्यांनी पाहिले आहेत. त्या फेसामागे शहरांचं मैलापाणी आहे आणि कारखान्यांचं सांडपाणीही. याच कारखान्यात दरवर्षी वारीसाठी रजा टाकणारी माणसं काम करतात. नदीत काय जातं, हा त्यांच्यासाठी श्रद्धेइतकाच रोजच्या कामाचा प्रश्न आहे, आणि तो तसाच असायला हवा.

आत कचरा प्रकारानुसार वेगळा मांडलेला आहे. फॉस्फेटचा गाळ जंबो बॅगांत. रंगाचा गाळ झाकणाच्या ड्रममध्ये, कारण त्याला थिनरचा वास आणि आगीची भीती. वापरलेलं तेल निराळं. तेल पुसलेल्या चिंध्या आणि कापूस निराळा. रिकामे रंगाचे ड्रम एका कोपऱ्यात, आणि प्रत्येकाच्या तळाला भोक पाडलेलं. हे भोक कशासाठी, असं विचारल्यावर मॅडम म्हणाल्या, ‘‘बिनभोकाचा ड्रम बाहेर गेला की तो कुणाच्या तरी अंगणात पाणी साठवायला जातो.’’ मावळातल्या कुठल्याही वाडीत फिरलं तर हे खरं वाटतं. दारात एखादा निळा किंवा लोखंडी पिंप असतोच, आणि त्यात आधी काय होतं ते विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं.

प्रत्येक बॅगेवर आणि ड्रमवर झगझगीत पिवळं लेबल. लाल अक्षरांत ‘घातक कचरा’ आणि ‘काळजीपूर्वक हाताळा’, मराठीत, हिंदीत आणि इंग्रजीत. खाली कचऱ्याचा प्रकार, वजन, भरल्याची तारीख, कुठून निघाला, आणि फोन नंबर. पावसाळ्यात शाई ओघळते म्हणून लेबलावर प्लॅस्टिक चिकटवतात. मॅडम शेडमध्ये शिरल्या की आधी लेबलं वाचत जातात, माल नंतर पाहतात. एका ड्रमचं लेबल अर्धं सुटलं होतं, तिथं त्या थांबल्या. ‘‘काका, हा कधीचा?’’ ऑपरेटरकाकांनी रजिस्टर काढलं, तारीख सांगितली, नवं लेबल लिहिलं. सगळं मिळून पाचेक मिनिटं. हे काम पाहणाऱ्याला कारकुनी वाटेल, पण माझ्या मते शेडमधलं खरं काम हेच आहे. आत काय आहे हे ठाऊक असेल तोवर ड्रम सांभाळता येतो. ते विसरलं गेलं की त्याला हात लावणारा प्रत्येक माणूस धोक्यात.

गाडी भरायच्या दिवशी हीच खबरदारी कागदावर उतरते. मालासोबत जाणारा मॅनिफेस्ट सात प्रतींत निघतो आणि प्रत्येक प्रतीचा रंग वेगळा. पांढरी प्रत प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे, पिवळी कारखान्याकडे, गुलाबी माल घेणाऱ्याकडे, नारिंगी वाहतूकदाराकडे, हिरवी घेणाऱ्याकडून मंडळाकडे. निळी प्रत माल पोचल्याची खूण म्हणून कारखान्यात परत यायची. करडी परराज्यात माल जात असेल तरच. या कारखान्याचा माल शिरूर तालुक्यात रांजणगावच्या सामायिक प्रकल्पात जातो. तिथं जाळण्याजोगं भट्टीत जातं. भट्टीच्या दुसऱ्या कप्प्यात अकराशे अंश सेल्सियसच्या आसपास तापमान राखावं लागतं. धातूंचा गाळ सिमेंट-चुन्यात घट्ट करून प्लॅस्टिकच्या जाड अस्तरांच्या खड्ड्यात पुरतात. निळी प्रत आली नाही तर मॅडम स्वतः फोन करतात. ती फाइल कपाटात नाही, त्यांच्या टेबलावर असते.

रांजणगावचा रस्ता म्हणजे तळेगाव-चाकण-शिक्रापूर. चाकणच्या कोंडीत किती वेळ जाईल ते कोणी सांगू शकत नाही. ड्रायव्हरच्या केबिनमध्ये एक पत्रक असतं: माल काय आहे, सांडला तर काय करायचं, आग लागली तर पाणी मारायचं की नाही. मी ड्रायव्हरला ते वाचलंय का विचारलं. त्यांनी वाचलं होतं, आणि वाचण्याचं कारणही सांगितलं: १३ जून २०२३. त्या दिवशी खंडाळ्याजवळ कुणे पुलावर ज्वालाग्राही रसायनाचा टँकर उलटून पेटला. जळतं रसायन पुलाखालच्या रस्त्यावर सांडलं, चौघांचा जीव गेला. ‘‘वरून आग पडेल हे खालच्या माणसाला कसं कळणार, साहेब?’’ ड्रायव्हर म्हणाले. तो माल कचरा नव्हता, पण या रस्त्यांवर काम करणाऱ्यांच्या मनातून तो दिवस गेलेला नाही.

आता शेडमध्ये जे ठेवलेलं नाही, त्याविषयी. घातक कचऱ्याचे नियम किरणोत्सारी कचऱ्याला लागू होत नाहीत. त्याचा कायदा निराळा, त्याच्या विल्हेवाटीचे १९८७ सालचे नियम निराळे, आणि देखरेख मुंबईच्या अणुऊर्जा नियामक मंडळाची. पत्र्याच्या कारखान्यात किरणोत्सार कुठून आला, असं वाटेल. पण धावत्या पत्र्याची जाडी न थांबता मोजायला असा स्रोत वापरतात. पट्टीच्या एका बाजूला अमेरिशियमची बंद कुपी, दुसऱ्या बाजूला मोजणारं यंत्र. पत्रा जितका जाड, तितके किरण कमी पोचतात. या कारखान्यानं आता क्ष-किरणांचं नवं यंत्र बसवलं आहे, जे बंद केलं की त्यातून काही निघत नाही. जुन्या यंत्राचं कुपी असलेलं डोकं मात्र एका वेगळ्या, कुलूपबंद खोलीत उभं आहे, परदेशी पुरवठादाराकडे परत जाण्याच्या परवानग्यांची वाट पाहत. पिवळ्या लेबलाच्या शेडमध्ये ते ठेवायचं नाही, कारण तिथं थिनर आहे आणि आगीत कुपीचं आवरण टिकेल याची खात्री कोणी घेत नाही.

कारखान्याचे रेडिएशन सुरक्षा अधिकारी, सगळे त्यांना आरएसओ म्हणतात, मला दारापर्यंत घेऊन गेले. हातात मीटर. दाराबाहेर काटा ताशी ०.१ मायक्रोसिव्हर्टच्या आसपास, म्हणजे बाहेर बागेत होता तेवढाच. घाबरण्यासारखं काही नाही. काळजीची गोष्ट वेगळी आहे. अमेरिशियमचं अर्धायुष्य सुमारे ४३२ वर्षं. १६७० साली शिवाजी महाराजांनी लोहगड परत घेतला, तेव्हा गडावर अशी कुपी ठेवली असती तर तिच्यात आजही निम्म्याहून जास्त जोर शिल्लक असता. कारखान्याचं यंत्र वीस-पंचवीस वर्षं चालतं. कंपन्या विकल्या जातात, बंद पडतात, माणसं बदलतात. आरएसओंच्या रजिस्टरमध्ये कुपीचा क्रमांक आहे. तो खरेदी विभागाच्या आणि मालमत्तेच्या यादीतही असावा, म्हणून ते भांडले. आता लिलावाच्या प्रत्येक यादीवर त्यांची सही लागते.

लहान गोष्टींतही हेच. फॉल्स सीलिंग बदलताना जुने धूरशोधक निघाले. त्यातल्या काही प्रकारांत अमेरिशियमचा अगदी बारीक अंश असतो. इलेक्ट्रिशियननं ते तारांच्या भंगारात टाकले होते. आरएसओंनी वेचून घेतले, मोजले, पुरवठादाराकडे परत पाठवायला बाजूला ठेवले. वर्कशॉपमध्ये टिग वेल्डिंगच्या टंगस्टन कांड्या असतात. लाल टोकाच्या कांडीत थोरियम असतं. कांडी हातात धरण्यानं फारसं काही होत नाही, पण टोक घासताना उडणारी धूळ श्वासात जाऊ नये. आता इथं थोरियम नसलेल्या कांड्या येतात. जुन्या लाल कांड्यांचं उरलेलं पाकीट आणि ग्राइंडरची जमवलेली धूळ एका डब्यात, चिन्ह लावून, त्याच खोलीत आहे. वेल्डर म्हणाले, आधी ही धूळ झाडून बाहेर जायची. आता ग्राइंडरला ओढणारा पंखा आहे.

विसरलं तर काय होतं, हे घाटाखाली पाहायला मिळालं आहे. २००८ साली फ्रान्समध्ये लिफ्टच्या बटणांत कोबाल्ट-६० सापडलं. बटणं बसवणाऱ्या तिथल्या कारखान्यातल्या सुमारे वीस कामगारांना सामान्य माणसासाठीच्या वार्षिक मर्यादेपेक्षा जास्त मात्रा बसली होती. पोलादाचा माग काढत तपास खोपोलीजवळच्या एका ओतशाळेपर्यंत आला. भंगारात कुठून तरी एक स्रोत शिरला होता आणि वितळला होता. दोन वर्षांनी दिल्लीत मायापुरीला त्याहून भयंकर घडलं. विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत १९८५ पासून न वापरलेलं कोबाल्टचं यंत्र लिलावात भंगार म्हणून विकलं गेलं आणि दुकानात तोडलं गेलं. एक कामगार दगावला, इतर अनेक होरपळले. दोन्हीकडे स्रोत जाऊन पोचला होता तो भंगारातच.

म्हणून आरएसओंनी किरणोत्साराचं तीन पाकळ्यांचं चिन्ह मोठं छापून, खाली मराठीत सूचना लिहून, सोमाटणे ते कामशेत रस्त्यावरच्या भंगार दुकानांत वाटलं आहे. मीही त्यांच्याबरोबर एका दुकानात गेलो. कागद वजनकाट्याच्या वर चिकटवलेला होता. चिन्ह पुसलं गेलं असेल तरी ओळखायचं कसं, ते आरएसओ पुन्हा सांगत होते: आकाराच्या मानानं फार जड पेटी, जाड भिंती, आधीच कापलेली असेल तर आत शिसं. ‘‘कापू नका, लांब व्हा, फोन करा.’’ दुकानदारानं सगळं ऐकून घेतलं. मग ते म्हणाले, ‘‘दादा, शिशाला लोखंडापेक्षा भाव जास्त. जड पेटी आली की पोरं आधी तीच उचलतात. मी ती पैसे देऊन घेतलेली असते. बाजूला ठेवली, तुम्हाला फोन केला, सरकारी माणसं घेऊन गेली. माझे पैसे कोण देणार?’’

आरएसओंनी त्यांच्या कारखान्यातून गेलेल्या मालापुरती हमी दिली. बाकीच्या मालाची हमी त्यांच्या हातात नव्हती. असा माल बाजूला काढून कळवणाऱ्या दुकानदाराला त्याच्या वजनाची किंमत मिळालीच पाहिजे, असं मला ठामपणे वाटतं. चार पेट्यांचे पैसे एका दवाखान्याच्या बिलापेक्षा कितीतरी कमी होतात. दुकानदारानं आरएसओंचा नंबर मोबाइलमध्ये टाकून घेतला आणि काट्यावर पुढचं पोतं चढवलं.