पाऊल सरळ पडावे म्हणून

हरियाणातील मानेसर म्हटले की मोटारींचे कारखाने आठवतात; परंतु राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्रही येथेच आहे. २००३ मध्ये तत्कालीन राष्ट्रपती डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांनी ते राष्ट्राला अर्पण केले. मेंदूची अनेक गुपिते आज उलगडत आहेत. तरीही जन्मापूर्वी, जन्मताना वा शैशवात मेंदूला झालेली इजा भरून काढणारी शस्त्रक्रिया अद्याप नाही. या इजेतून उद्भवते ती सेरेब्रल पाल्सी.

मग शल्यचिकित्सक काय साधतात? मेंदूतील इजा वाढत नाही. पण ताठर स्नायू हाडांच्या वाढीबरोबर पुरेसे लांबत नाहीत. मूल चवड्यांवर चालते, गुडघे वाकतात, पाय कात्रीसारखे एकमेकांवर येतात. कधी खुब्याचा सांधाही निसटू लागतो. शस्त्रक्रिया होते ती या परिणामांवर.

अस्थिशल्यचिकित्सक आखडलेली कंडरा लांबवतात, स्नायूची जोडणी बदलतात, पिळवटलेले हाड सरळ करतात. पूर्वी मुलाच्या वाट्याला जणू दरवर्षी एक शस्त्रक्रिया येई. आता चालीचा कॅमेऱ्यांच्या साहाय्याने अभ्यास करून, शक्य तेथे सर्व दुरुस्त्या शालेय वयात एकाच वेळी करण्याकडे कल आहे.

दुसरा मार्ग मज्जातंतूंचा. १९८०च्या दशकात केप टाऊनचे डॉ. वॉरविक पीकॉक यांनी तो विकसित केला. कमरेच्या भागातील संवेदी मज्जातंतूंचे निवडक धागे छेदल्याने पायांचा ताठरपणा कमी होतो. मात्र छेदलेले धागे पुन्हा जुळत नाहीत. म्हणून मुलांची निवड काटेकोरपणे करावी लागते.

घाई येथे महागात पडते. केवळ टाचेमागील कंडरा वाजवीपेक्षा अधिक लांबवली, तर टाचा टेकतात खरे, पण मूल गुडघ्यांत वाकून चालू लागते आणि लवकर थकते. म्हणून पालकांनी शस्त्रक्रियेपूर्वी विचारावे: नेमके काय सुधारेल? व्यायाम किती महिने लागेल? प्रारंभी स्नायू दुर्बल भासतात. खरा लाभ दिसण्यास वर्षभरही लागू शकते. खर्चाच्या दृष्टीने राष्ट्रीय न्यासाच्या 'निरामय' या १ लाख रुपयांपर्यंतच्या आरोग्य विमा योजनेची चौकशी अवश्य करावी.

मुंबईत १९७२ साली मिठू अलूर यांनी स्थापन केलेल्या स्पास्टिक्स सोसायटीने शिक्षण आणि उपचार एकाच छत्राखाली आणले. ती दृष्टी आजही मोलाची आहे. प्रत्येक मूल आधाराविना चालेलच असे नाही. पण काठी टेकत का होईना, वर्गातील आपल्या बाकापर्यंत स्वतः पोहोचणे, हेही शस्त्रक्रियेचे मोठे यश होय.