सफरचंदाशेजारी ठेवलेला ट्युलिपचा कंद फुलत का नाही?

ट्युलिपला फुलण्यासाठी थंडी लागते. म्हणून उष्ण भागात बरेच जण त्याचे कंद लावण्याआधी काही आठवडे फ्रिजमध्ये ठेवतात. पण त्याच फ्रिजमध्ये सफरचंदं असतील, तर पुढे पानं येऊनही कळी आतल्या आत सुकून जाऊ शकते. याला कारण असतं इथिलीन.

इथिलीन हे वनस्पतींचं वायुरूप संप्रेरक, म्हणजे हार्मोन आहे. पिकणाऱ्या फळांतून ते बाहेर पडतं. ट्युलिपचं इवलंसं फूल लागवडीआधीच कंदात तयार झालेलं असतं आणि इथिलीनमुळे ते मरू शकतं. फ्युजॅरियम बुरशी लागलेले कंदही हा वायू सोडतात. त्यामुळे नेदरलँड्समधल्या कंदांच्या गोदामांत हवा खेळती ठेवावी लागते.

हाच वायू दुसऱ्या एका कंदाला मात्र लवकर फुलवतो. इंग्लंडच्या नैऋत्येला असलेल्या सिली बेटांवर 'सोलेई दोर' या नर्गिसच्या जातीची शेती होते. तिथले शेतकरी जमिनीवर प्लास्टिक अंथरून त्याखाली धूर सोडतात. धुरातल्या इथिलीनमुळे कंदात फूल लवकर तयार होतं आणि फुलांचा हंगाम लवकर सुरू होतो.

दुसरं महत्त्वाचं संप्रेरक म्हणजे जिबरेलिन. १९२६ साली जपानी शास्त्रज्ञ एइची कुरोसावा यांनी दाखवून दिलं की, भाताची रोपं अवाजवी उंच होतात ती एका बुरशीच्या स्रावामुळे. त्यातूनच पुढे जिबरेलिनचा शोध लागला. नाशिक-सांगलीचे द्राक्ष बागायतदार 'जीए' म्हणून वापरतात ते याच गटातलं जिबरेलिक अ‍ॅसिड. कॅला लिलीचे कंद लावण्यापूर्वी त्याच्या द्रावणात बुडवले तर फुलं जास्त येतात. प्रमाण वाढलं तर मात्र फुलं वेडीवाकडी होतात.

म्हणजे संप्रेरक हे खत नव्हे, तो फक्त इशारा आहे. फूल घडवायला लागणारं अन्न कंदातच साठलेलं असतं. कंद बारीक किंवा सडका असेल, तर कोणतंही संजीवक ती कसर भरून काढू शकत नाही. त्यामुळे भरीव, निरोगी कंद निवडणं आणि ते फळांपासून लांब ठेवणं, ही काळजी आधी घ्यायला हवी. संजीवक वापरायचंच असेल, तर ते त्याच फुलझाडासाठी सांगितलेल्या मात्रेतच वापरावं.