मास्क उलटा, पण कशाच्या आत?

१ नोव्हेंबर २००० रोजी छत्तीसगड राज्य झालं, रायपूर राजधानी झालं आणि जुन्या मध्य प्रदेशाच्या नकाशातून १६ जिल्हे वेगळे दाखवायची वेळ आली. संगणकावर हे काम मास्कने होतं. छत्तीसगडच्या हद्दीतल्या प्रत्येक पिक्सेलला १, बाहेरच्याला ०. जिथे १ तिथे रंग उमटतो, बाकी जागा कोरी राहते. उरलेल्या मध्य प्रदेशासाठी हद्द पुन्हा आखायला नको, तोच मास्क उलटा केला की झालं.

झालं असं वाटतं खरं. पण उलट्या मास्कात मध्य प्रदेशाबरोबर महाराष्ट्र येतो, ओडिशा येतो, चौकटीचे चारही कोपरे येतात. म्हणून त्याचा जुन्या मध्य प्रदेशाच्या मास्कशी 'अँड' करावा लागतो, म्हणजे दोन्हीकडे १ असेल तिथेच १ ठेवावा लागतो. गेल्या पन्नास वर्षांतली या तंत्राची वाटचाल पाहिली, तर उलटवणं कधीच अवघड नव्हतं. कशाच्या आत उलटवायचं, हे ठरवणं अवघड होतं.

१९७५ मध्ये झेरॉक्स पार्कमध्ये डॅन इंगल्स यांनी 'बिटब्लिट' ही क्रिया मांडली. बिटांचा चौकोनी तुकडा उचलायचा आणि दुसऱ्या तुकड्याशी तार्किक क्रियेने जोडायचा. १९८७ च्या एक्स११ या विंडो प्रणालीत एका बिटाचा क्लिप मास्क होता, पण तो उलटा लावायची सोय नव्हती. 'कॉपी इन्व्हर्टेड' वापरून उलटी प्रत आधी बनवावी लागे. विंडोजच्या आयकॉनमध्ये तर संकेतच वेगळा: मास्कात १ असेल तिथे मागचं चित्र दिसत राहतं, ० असेल तिथे आयकॉन उमटतो. ॲपलच्या कोअर ग्राफिक्समधला इमेज मास्कही १ असेल तिथे रंग अडवतो. एकीकडचा सुलटा मास्क दुसरीकडे नेला की काही न करता उलटा.

खरी गंमत कडांवर आहे. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस एड कॅटमल आणि अल्वी रे स्मिथ यांनी अल्फा चॅनेल आणला आणि मास्क ०-१ चा राहिला नाही. आठ बिटांत ० ते २५५ अशा छटा आल्या. उलटवायचं म्हणजे २५५ मधून वजा करायचं, १२८ चे १२७ होतात. आता हद्दीवरचा, अर्धा इकडे अर्धा तिकडे असलेला एक पिक्सेल घ्या. छत्तीसगडचा हिरवा त्यावर ५० टक्के बसला, कागद ५० टक्के उरला. मग उलट्या मास्कातून मध्य प्रदेशाचा पिवळा ५० टक्के चढवला. त्याने खालचं सगळंच निम्मं झाकलं: पिवळा ५०, हिरवा २५, कागद २५. दोन्ही मास्क एकमेकांना तंतोतंत पूरक असूनही दोन राज्यांच्या मध्ये फिकट रेघ उरते.

उपाय १९८४ मध्येच मिळाला होता. थॉमस पोर्टर आणि टॉम डफ यांच्या त्या वर्षीच्या शोधनिबंधात 'आउट' ही क्रिया आहे, ती म्हणजेच उलटा मास्क. त्यातच 'प्लस'ही आहे. दोन्ही रंग वेगळ्या पारदर्शक थरावर 'प्लस'ने बेरजेत घेतले, तर ५० आणि ५० मिळून पूर्ण १०० होतात आणि रेघ जाते. इतकं साधं उत्तर असूनही ही रेघ आजही छापील नकाशांत दिसते, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

पुढे हत्यारं सुधारली. नकाशांच्या क्यूजीआयएस या सॉफ्टवेअरमध्ये २०१४ मध्ये उलटे बहुभुज आले, अँड्रॉइडमध्ये २०१७ मध्ये 'क्लिपआउट' आलं. इकडे छत्तीसगडचे जिल्हे १६ वरून १८, २७, २८ आणि २०२२ मध्ये ३३ झाले. दर वेळी बिटमॅप मास्क नव्याने काढणं परवडत नाही, म्हणून हद्दी रेषांच्या रूपात ठेवून मास्क त्यांतून काढतात.

तरी बाहेरची हद्द माणसालाच द्यावी लागते. आपल्याला जवळचं उदाहरण १ नोव्हेंबर १९५६ चं. त्या दिवशी विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले. नागपूर राजधानी असलेल्या, त्याआधीच्या मध्य प्रदेशाच्या चौकटीत विदर्भाचा मास्क उलटा केला, तर महाकोशल आणि छत्तीसगड मिळतात. पण त्याच दिवशी भोपाळला राजधानी घेऊन उभा राहिलेला मध्य प्रदेश त्यातून मिळत नाही. त्यासाठी मध्य भारत, विंध्य प्रदेश आणि भोपाळ यांचे मास्क 'ऑर' करून, म्हणजे कुठेही १ असेल तिथे १ धरून, जोडावे लागतात.