टॉवर फुल्ल, तरी पैसे अडले का?

गेल्या तेंदू हंगामात आम्ही अहेरीकडच्या आठवडी बाजारात कापड मांडून बसलो होतो. एका गिऱ्हाइकाने दोन लुगडी घेतली व मोबाईलवरून पैसे पाठविले. त्याच्या खात्यातून रक्कम कापली गेली, आमच्याकडे निरोप नाही. फोनवर टॉवर मात्र फुल्ल! तो म्हणे दिले, आम्ही म्हणू मिळाले नाहीत. रात्री रक्कम जमा झाली, पण गिऱ्हाईक तुटले ते तुटलेच.

व्यापारी बंधूंनो, टॉवरची पोहोच वेगळी आणि त्याची क्षमता वेगळी. फोनवरच्या रेघा फक्त पोहोच सांगतात. जुन्या टू-जी पद्धतीत टॉवरची मजल फार तर ३५ किलोमीटर. आपल्याकडे डोंगर आणि दाट झाडी त्यातली बरीच खाऊन टाकतात. क्षमतेचा हिशेब निराळा. टू-जीच्या एका वाहक लहरीवर आठच जागा. एक टॉवरच्या स्वतःच्या कामाला, म्हणजे साधारण सात जणच एका वेळी बोलणार. फोर-जीत जागा जास्त, पण ती सर्वांत वाटली जाते. बाजाराच्या दिवशी अनेक गावे एकाच टॉवरखाली येतात, तेव्हा प्रत्येकाच्या वाट्याला थोडेच येते. शिवाय टॉवरच्या मागची जोडणी तारेची नसून उपग्रहाची असेल, तर तीही अपुरी पडते.

केंद्र सरकारने एप्रिल २०२२ मध्ये महाराष्ट्रासह दहा राज्यांच्या नक्षलग्रस्त भागातील २,३४३ टू-जी ठिकाणे फोर-जी करण्यास मंजुरी दिली. सुधारणा चांगलीच, पण गर्दीचा प्रश्न त्याने पूर्ण सुटत नाही.

तेव्हा आपण काय करावे? गल्ल्यात सुट्टे पैसे ठेवावेत. शक्य तर दोन वेगळ्या कंपन्यांची सिमकार्डे बाळगावीत. इंटरनेट अडले तर स्टार ९९ हॅश लावून पाहावे. ते इंटरनेटविना चालते. रक्कम अडकली तर पुन्हा पाठवायला लावू नये, व्यवहार क्रमांक वहीत लिहून घ्यावा. रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०१९ च्या नियमाप्रमाणे, दुकानदाराला पोच न मिळालेली यूपीआयची रक्कम पाच दिवसांत आपोआप परत यायला हवी; पुढे उशीर झाल्यास गिऱ्हाइकाला दिवसाला १०० रुपये भरपाई मिळते.

एवढे दोन शब्द त्या दिवशी आम्हाला ठाऊक असते, तर गिऱ्हाईक आमच्याकडे परत आले असते.