तुमच्या धंद्यातला भाव कोण ठरवतं? तुम्ही, की तुमच्या आतलं लहान मूल?



एक प्रश्न विचारतो, मनातल्या मनात खरं उत्तर द्या. गिऱ्हाईक समोर उभं आहे. तुम्ही भाव सांगितला. ते नुसतं "बापरे, इतके?" म्हणालं आणि गप्प बसलं. लगेच तुमच्या तोंडून "बरं, तुमच्यासाठी पन्नास कमी" असं आपोआप निघतं का? कमी करा असं त्याने अजून म्हटलेलंही नसतं!

निघत असेल, तर आजचा विषय तुमच्यासाठीच आहे: इनर चाइल्ड, म्हणजे आपल्या आतलं लहान मूल. "सर, हे मन वगैरे ठीक आहे, पण धंद्याशी याचा काय संबंध?" असं बरेच जण विचारतात. संबंध थेट गल्ल्याशी आहे.

आतलं मूल म्हणजे नक्की काय?

एरिक बर्न नावाचे एक मानसोपचारतज्ज्ञ होते. जन्म कॅनडातला, काम अमेरिकेत. १९५० च्या दशकात त्यांनी 'ट्रान्झॅक्शनल अ‍ॅनालिसिस' ही पद्धत मांडली. १९६४ साली आलेलं त्यांचं 'गेम्स पीपल प्ले' हे पुस्तक खूप गाजलं. त्यांचं म्हणणं असं, की प्रत्येक माणसात तीन जण राहतात.

पहिला, पालक. लहानपणी मोठ्यांकडून ऐकलेल्या सूचना हा आतून ऐकवत राहतो. "पैशाचं तोंडावर बोलू नये." "आपल्याला नाही जमायचं."

दुसरा, प्रौढ. हा समोरची माहिती बघतो, हिशेब मांडतो आणि मग ठरवतो.

तिसरं, मूल. यात पुन्हा दोन प्रकार आहेत. एक मोकळं मूल. ते प्रश्न विचारतं, खेळतं, करून बघतं. दुसरं दबलेलं मूल. कोणी रागावू नये, सगळ्यांनी आपल्याला चांगलं म्हणावं, म्हणून ते चटकन माघार घेतं.

ही दोन्ही मुलं तुमच्यात आहेत. अडचण कुठे होते? ज्या मुलाला धंद्यात बोलवायला हवं त्याला आपण घरी ठेवतो, आणि ज्याला मायेने बाजूला बसवायला हवं त्याला गल्ल्यावर बसवतो.

दबलेलं मूल गल्ल्यावर बसलं की...

समजा, तुम्ही घरगुती चकलीचा व्यवसाय करता. एका किलोला सामान २६० रुपये, गॅस आणि पॅकिंग ४० रुपये, तुमची मजुरी १०० रुपये. एकूण ४०० रुपये. विक्रीचा भाव ४८०. म्हणजे नफा ८० रुपये.

आता ताई म्हणाल्या, "शेजारच्या गल्लीत स्वस्त मिळते हो." तुम्ही घाबरून ५० रुपये कमी केले. भाव साधारण दहा टक्क्यांनी उतरला, पण नफा ८० वरून ३० वर आला. निम्म्याहून जास्त गेला! आणि हे कोणी केलं? तुमच्यातल्या हिशेबी माणसाने नाही. "नाही म्हटलं तर ताई नाराज होतील" असं वाटणाऱ्या त्या मुलाने केलं.

उधारी मागायला संकोच वाटणं, आवडत नसलेली ऑर्डरही घेणं, एका वाईट शेऱ्याने रात्रभर झोप न लागणं, या सगळ्यामागे बऱ्याचदा तेच असतं. त्याला रागावू नका. लहानपणी गप्प बसून, सगळ्यांचं ऐकून त्याने तुम्हाला सांभाळलंच होतं. फक्त आज दुकान तुमचं आहे, हे त्याला कळायला हवं.

मोकळं मूल काय देतं?

१९४३ सालची गोष्ट. अमेरिकेतले उद्योजक एडविन लँड सुट्टीत सांताफे इथे कुटुंबाबरोबर होते. त्यांनी मुलीचा फोटो काढला. तीन वर्षांच्या त्या मुलीने विचारलं, "फोटो आत्ता लगेच का नाही बघता येत?" दुसरा कोणी म्हणाला असता, "अगं, आधी धुवावा लागतो, गप्प बस." लँड मात्र त्या प्रश्नावर विचार करत बसले. १९४७ मध्ये त्यांनी झटपट फोटोचं तंत्र जाहीरपणे दाखवलं आणि १९४८ मध्ये पोलरॉइडचा कॅमेरा विक्रीला आला.

नीट बघा हं. प्रश्न मुलाचा होता, पण पुढची पाच वर्षं मेहनत प्रौढाने केली. दोघंही लागतात.

दुसरं उदाहरण 'मार्शमॅलो चॅलेंज'चं. पीटर स्किलमन यांनी तयार केलेला हा खेळ टॉम वूजेक यांनी अनेक गटांकडून करून घेतला. सुकलेल्या स्पॅगेटीच्या २० काड्या, थोडी चिकटपट्टी, थोडी दोरी आणि एक मार्शमॅलो, म्हणजे मऊ गोड वडी. १८ मिनिटांत उंच मनोरा उभारायचा आणि वडी टोकावर ठेवायची. मॅनेजमेंट शिकलेल्यांपेक्षा बालवाडीतून नुकतीच बाहेर पडलेली मुलं सरासरीने सरस ठरली! कारण मोठे लोक आधी चर्चा करतात, प्लॅन आखतात, आणि वडी शेवटच्या क्षणी ठेवतात. मग मनोरा कोसळतो. मुलं पहिल्यापासून वडी ठेवून बघतात. पडलं की पुन्हा बांधतात. अर्थात, इंजिनिअर आणि आर्किटेक्ट मुलांच्याही पुढे होते, कारण त्यांना बांधकामाचं ज्ञान होतं. म्हणजे ज्ञान हवंच, पण करून बघण्याची सवयही हवी.

तुमच्या धंद्यातली 'वडी' म्हणजे गिऱ्हाईक. सहा महिने लोगो आणि पॅकिंग करून शेवटी गिऱ्हाइकासमोर जाऊ नका. पहिल्याच आठवड्यात जा.

या आठवड्यात करायच्या चार गोष्टी

१. तळाचा भाव लिहून ठेवा. प्रत्येक वस्तूचा खर्च मांडा, त्याखाली जायचं नाही तो आकडा वहीत लिहा. भाव शांत डोक्याने आधी ठरतो, गिऱ्हाइकाच्या चेहऱ्याकडे बघून नाही.

२. एक वाक्य पाठ करा. "भाव हाच आहे ताई, हवं तर अर्धा किलो नेऊन चव बघा." हे म्हणा आणि गप्प राहा. ती शांतता सहन करायला शिकणं हाच खरा सराव आहे.

३. रोज एक 'का?' विचारा. गिऱ्हाईक हे परत का करतं? दुपारी कोणी का येत नाही? उत्तर लगेच नको, आधी प्रश्न वहीत उतरवा. मग एखादी छोटी चाचणी करा. किती पैसे गेले तरी चालतील, ते आधीच ठरवा.

४. आठवड्यातून अर्धा तास खेळा. कॅरम, चित्रं, पेटी, गल्लीतलं क्रिकेट, काहीही. यातून कमाई करायची नाही, रील बनवायची नाही. सतत ताणात असलेल्या डोक्याला नवं सुचत नाही, हे तुम्ही अनुभवलं असेलच.

एक महत्त्वाची गोष्ट. लहानपणी मारहाण, छळ किंवा मोठा आघात झाला असेल आणि तो आजही त्रास देत असेल, तर वहीतला सराव पुरेसा नाही. समुपदेशकाकडे जा. हिशेबासाठी सीएकडे जातो, तसंच हे. यात लाजण्यासारखं काही नाही.

पुढच्या वेळी कोणी "बापरे, इतके?" म्हणालं की स्वतःला एकच विचारा: आता उत्तर कोण देतंय? हिशेब मांडलेला माणूस देत असेल, तर भाव कमी करा किंवा करू नका, दोन्ही चालेल. घाबरलेलं मूल देत असेल, तर एक घोट पाणी प्या आणि वहीतला आकडा बघा.

वही आजच उघडा. पहिल्या पानावर तुमच्या सगळ्यात जास्त खपणाऱ्या वस्तूचा तळाचा भाव लिहा. भेटूया पुढच्या व्हिडिओत!